होयबाचा पहिला नकार

माझ्या सासूबाई अंतराळवीर घडवतात म्हटलं की लोक हसतात. हसा खुशाल! यान आपलं, बसणारे तीन देशांचे आणि सूचना सगळ्या आपल्या भाषेत. म्हणून प्रशिक्षण केंद्र परदेशी उमेदवारांना भाषा शिकायला आपल्या लोकांच्या घरी ठेवतं. आमच्याकडे राहिलेला एकही नापास झाला नव्हता. सासूबाईंचं म्हणणं एकच, "भांडता आलं की भाषा आली."

मग हा आला. उंचापुरा, गोड स्वभावाचा, आणि काहीही सांगा, "हो मावशी." आम्ही त्याचं नाव होयबा ठेवलं. केंद्रातल्या बनावट यानात धुराचा सराव होता. प्रशिक्षकाने एक झडप बंद करायला सांगितली. ह्याला कळलं नाही, तरी "हो" म्हणाला आणि भलतीच उघडली. खऱ्या यानात तिघंही जिवानिशी गेले असते. पुन्हा असं झालं तर मोहिमेतून नाव कट, असं त्याला बजावलं गेलं.

पोरगं जेवेना. सासूबाई म्हणाल्या, "भाषा येते गं त्याला. नाही म्हणायची लाज वाटते मेल्याला."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज त्याच्या चहात मीठ घालू लागल्या.

"कसा झालाय?"

"छान, मावशी."

मी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी "कपाटाला आंघोळ घाल," म्हटलं तर हा बादली आणायला निघाला! "आई, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे," मी चिडून म्हणाले. पण बाई कसली हटते? पुढचा सराव उद्यावर आला, तेव्हा त्यांनी त्याच्यादेखत स्वतःच्या कपातही मीठ घातलं. त्यांना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं, हे त्यालाही ठाऊक होतं. कप ओठांना लागणार तोच तो ओरडला, "नाही! मावशी, पिऊ नका. खारट आहे. रोजच खारट असतो!"

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का रे?" असं म्हणून सासूबाई खदाखदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी धुरात सूचना आली. हा म्हणाला, "थांबा. कळलं नाही. पुन्हा सांगा." प्रशिक्षकाने पुन्हा सांगितलं, ह्याने बरोबर झडप बंद केली. पास! मला तर बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

तो निघाला तेव्हा त्या दारात पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "जा बाबा. सुटले एकदाची. मला काही वाटत नाहीये."

त्याने बॅग खाली ठेवली.

"नाही मावशी," तो म्हणाला, "हे खोटं आहे."