अर्धा तास आडवं

डेपोतले ड्रायव्हर तिला समोर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की तोफ. गाड्या वेळेवर सोडायचं काम तिच्याकडे. टेबलावर माईक होता, पण त्याच्यावाचून तिचं काही अडत नसे.

हल्ली मधूनच डोकं ठणकायचं, घाम फुटायचा, छाती धडधडायची. ब्लडप्रेशर चढलेलं. डॉक्टरांना मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीची शंका आली. तिथे गाठ असली, तर ती भलत्या वेळी रक्तात हार्मोन सोडते. रक्ताच्या रिपोर्टात हार्मोनचा आकडा थोडा जास्तच आला. पुन्हा तसाच आला तर स्कॅन, आणि गाठ दिसली तर ऑपरेशन. नवऱ्याचं तोंड उतरलं. तिने त्याला उडवून लावलं आणि आत जाऊन घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली.

पहिलं रक्त कसं दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. लिफ्ट बंद होती म्हणून ती चार मजले चढून गेली होती, रांगेत घुसलेल्या एकाला तिथल्या तिथे सरळ केलं होतं आणि त्याच दमात खुर्चीत बसून हात पुढे केला होता. असं केल्यावर कुणाचंही हार्मोन चढेल, डॉक्टर म्हणाले. आता उपाशीपोटी यायचं, कॉफी नाही, आधी हातात सुई बसवायची, मग अर्धा तास शांत आडवं पडायचं आणि त्याच सुईतून रक्त घ्यायचं.

नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून सोबत थोरली नणंद आली. दोघींचं उशीच्या उंचीवरूनही वाजायचं. नर्सने दोघींनाही बोलायची बंदी केली. ही सुई लावून आडवी झाली, नणंद शेजारच्या स्टुलावर बसली.

इतक्यात बाहेर कुणीतरी काउंटरवरच्या मुलीवर खेकसायला लागलं. चादरीखाली हिची पावलं वळवळली. नणंद उठली.

"तू पडून राहा. त्याला मी बघते."

दार लागलं आणि पलीकडे नणंदेचा आवाज चढत गेला. ही डोळे मिटून जाणकारासारखी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.

रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. ब्लडप्रेशरची साधी गोळी तेवढी मागे लागली. तिने पहिला फोन नणंदेला केला.

"गाठबीठ काही नाही, ताई. पण त्या माणसाला तुम्ही फार लवकर सोडलंत."

"मग यायचं होतंस बाहेर."

"हातात सुई होती माझ्या."

"तुझं नेहमी काहीतरी असतंच," नणंद म्हणाली, आणि ही खुर्ची ओढून भांडायला ऐसपैस बसली.