गोळ्या बसवणारं यंत्र

अमेरिकेत मुलीकडे आले की संध्याकाळी शेजारच्या टॉमच्या गॅरेजपाशी मी रेंगाळते. त्याला नेमबाजीचा नाद. काडतुसं तो घरीच भरतो. मागच्या खेपेला एकेक गोळी चिमटीत धरून काडतुसाच्या तोंडावर बसवायचा. मान खाली, ओठ मिटलेले, अगदी डाळ निवडायला बसल्यासारखा. यंदा त्यानं यंत्र आणलंय. वरच्या भांड्यात गोळ्या ओतल्या की भांडं गरगर फिरतं, प्रत्येक गोळी आपोआप सुलटी होऊन नळीतून उतरते आणि नेमकी जागेवर बसते. टॉम फक्त दांडा ओढतो.

"केवढा वेळ वाचतो!" तो म्हणाला.

"मग त्या वेळात काय करता?"

तो मोकळेपणी हसला. "आणखी गोळ्या भरतो."

घरी येऊन मी डाळ निवडायला घेतली. "आई, ती निवडलेलीच असते गं," मुलगी म्हणाली. ठाऊक आहे मला. पण जे कुणाच्या पोटात जाणार, ते एकदा आपल्या बोटांखालून जावं असं वाटतं.

टॉमच्या गोळ्या कागदी निशाणावरच जातात म्हणे. जात असतील. गोळीला मात्र कागद कुठला नि माणूस कुठला, ते कळत नाही. कळतं ते बोटांना, आणि ती आता दांड्यावर असतात.