ढोलाला भंडारा कोण लावणार

तात्या स्टेजवर उभे राहिले आणि ढोल काही वाजेना.

तात्या म्हणजे माझे वडील. मुंबईतल्या ज्या कलासंकुलात मी कार्यक्रमांचं बघते, तिथल्या लोककला महोत्सवात आमच्या इंदापूरकडच्या धनगरी गजी ढोलांना बोलवा, हे मीच लावून धरलं होतं. आजोबांबरोबर मेंढरं गेली. आता नरसिंहपूरजवळ मका आणि टोमॅटो आहेत, पण ढोल तेच. माझी नोकरी तात्यांच्या कधी मनात भरली नव्हती. "पोटासाठी गेलीस, पोट भरलं की घरी ये," हे दर फोनवर ठरलेलं. तेच तात्या आता माझी जागा बघायला येणार, म्हणून मला आनंदापेक्षा धास्ती जास्त होती. भाजीच्या टेम्पोतून ढोल उतरले तशी मी सगळ्यांवर खेकसत सुटले. पायऱ्या सांभाळा, तंबाखू थुंकू नका, वायरींवर पाय देऊ नका. "आगं, आमी काय मेंढरं हाय का?" एक काका म्हणालेच.

आमच्या ढोलांचा एक रिवाज आहे. ज्या गावात वाजवायचं, त्या गावच्या माणसानं ढोलाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावायची. मगच पहिली थाप. घरच्यांचा हात चालत नाही. परक्या गावात मानाशिवाय वाजवायचं नसतं. जत्रेत कुणी पाटील, कुणी पुजारी आपणहून पुढं होतो. इथंही होईल, असं तात्यांनी धरूनच ठेवलेलं.

पडदा उघडला. निवेदिका गोड बोलून आत आली. तात्या भंडाऱ्याची पिशवी पुढं धरून उभे, मागं रुमाल घेतलेले गडी, समोर खच्चून भरलेलं सभागृह, आणि रिवाज कुणालाच ठाऊक नाही. कुणी खोकलं. कुणीतरी हसलं, आणि मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं.

मी विंगेत सैरभैर झाले. साहेब पाहुण्यांबरोबर पहिल्या रांगेत. लाइटवाल्याला म्हटलं, "जरा जाऊन लाव ना."

"मॅडम, मी साताऱ्याचा."

पडदेवाला रत्नागिरीचा. निवेदिका नागपूरची. एवढ्या मोठ्या इमारतीत इथला म्हणावा असा एक माणूस सापडेना! बाहेरची कुजबुज वाढत चालली होती. आता तात्या ढोल उचलून सरळ टेम्पोत बसणार आणि आयुष्यात परत इकडं फिरकणार नाहीत, हे मला दिसायला लागलं.

मी पडद्याआडून म्हटलं, "तात्या, हितं गावचं कुणीच न्हाय. वाजवा की तसंच."

"आसं कसं? तू ये."

"मी घरची हाय. माझा हात कसा चालंल?"

तात्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. चिडलेले नव्हते, थकलेले वाटले.

"न्हाय. तू आता हितलीच. ये, लाव."

मी चपला काढल्या आणि उजेडात गेले. ढोलाला भंडारा लावला. मग माझ्या वडिलांनी परक्या गावच्या पाटलाला करतात तसा मला हात जोडून, वाकून रामराम केला.

ढोल दणाणले. कार्यक्रम झकास झाला म्हणतात. मी विंगेत रडत होते, त्यामुळं मला काही दिसलं नाही.