पंधरा मिनिटं पुढे

लॅपटॉपचं घड्याळ मी पंधरा मिनिटं पुढे केलं, ते अगदी चांगल्या हेतूनं. आमच्या घरातलं कुठलंच घड्याळ खरी वेळ दाखवत नाही. भिंतीवरचं पुढे, स्वयंपाकघरातलं त्याहून पुढे, माझ्या मनगटावरचं दोन्हींच्या मधे कुठेतरी. मुलुंडहून रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या घरी खरी वेळ म्हणजे उशीर झालेली वेळ. वजाबाकी आम्ही मनातल्या मनात करतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. तेव्हा गणपतीची तिकिटं काढायची म्हटल्यावर लॅपटॉपलाही घरची शिस्त लावावी, एवढंच डोक्यात आलं. सेटिंगमध्ये वेळ आपोआप ठरवण्याचं एक बटण होतं, ते बंद केलं आणि आकडे पुढे सरकवले. मग विसरूनही गेलो.

तिकिटं यंदा बायकोच्या माहेरची होती. लग्न झाल्यापासून दर गणपतीला आम्ही माझ्या गावी, मालवणकडे. तिथे चुलतभावांची फौज, भजनं आणि मी झांजेवर. म्हणजे झांज नको तिथे वाजवतो, पण हक्कानं वाजवतो. बायको तेव्हा आत मोदक वळत असते. यंदा तिच्या भावाला आखातातून रजा मिळाली नाही, आणि चिपळूणजवळच्या घरात तिची आई एकटी. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "यंदा गणपती आणू नये म्हणते मी. माझ्याच्यानं एकटीला होणार नाही गो."

बायकोनं फोन ठेवला. "गणपती येणार. मी जाणार. तुम्हाला यायचं तर या."

"जाऊ की," मी म्हटलं. पण ते म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तो तिच्या लक्षात आला.

गणपतीच्या दिवसांतली तिकिटं सकाळी आठला सुटतात आणि चहाला उकळी येईपर्यंत संपतात. मी आधीच लॉगिन करून बसलो. दोघांची नावं टाकली, वयं टाकली (माझं एक वर्षानं कमीच पडलं, पण ते बोटाचं काम), आणि पुढे जायचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. 'तुमची वेळ संपली आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.'

पुन्हा केलं. पुन्हा नावं, पुन्हा वयं, पुन्हा बाहेर. आत घ्यायचं, बसायला सांगायचं आणि पाणी विचारायच्या आधी दार दाखवायचं, अशी ती साईट वागत होती.

"फोनवरनं काढा ना," बायको मोरीतून ओरडली. ती पाण्याचं पिंप भरत होती.

फोन घेतला. त्या अ‍ॅपला आधी अपडेट हवं होतं, आणि माझ्या जुन्या फोनला ते झेपेना. त्या खटपटीत गाडी भरली. वेटिंगसुद्धा बंद.

बायको हात पुसत बाहेर आली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "मुद्दाम तर नाही ना केलंत?"

"काय मुद्दाम? मी काय त्या साईटचा मालक आहे?"

"तसं नाही. मालवणची तिकिटं काढताना कधी असं झालं नाही, म्हणून विचारलं."

झालं नव्हतं, हे खरंच होतं. आता उरली होती दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणारी तिकिटं. ती गाडी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचवणार. तीही गेली तर सासूबाई मूर्तिकाराला नको म्हणून कळवणार होत्या.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. ऑफिसात एक मित्र आहे, कॉम्प्युटरचं त्याला कळतं. रजेवर होता, म्हणून फोन केला.

"कुकीज उडव," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अरे, साईट तुला ओळखावी म्हणून ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवते. ती चिठ्ठी खराब झाली असणार. सगळ्या काढून टाक, नव्या येतील."

घरी आल्या आल्या सगळ्या काढल्या. आतापर्यंत एकच साईट ओळख दाखवत नव्हती. आता वीजबिल, बँक, आमच्या सोसायटीचा मेल, सगळ्यांनीच तोंड फिरवलं. आणि तिकिटांची साईट होती तशीच. लॉगिन केलं की दोन क्लिकांत बाहेर. दुसरा ब्राउझर टाकला, तिथेही तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफायच्या डब्याची वायर काढून घातली, त्यात बायकोची मालिका ऐन भांडणात अडकली. उठून गॅलरीत जायचं, खाली रिक्षा बघायच्या, काहीतरी सुचल्यासारखं परत यायचं, पासवर्ड टाकायचा, बाहेर पडायचं. जेवताना भात गार झाला तरी माझं एक बोट त्या बटणावर.

"सोडा आता," बायको म्हणाली. "सकाळी मी माझ्या फोनवर बघते."

"तुझ्या फोनवर खातंच नाही."

"मग उघडू."

"ते लगेच होत नाही. मी करतो म्हटलं ना!"

"तेच म्हणते मी. तुम्ही करता."

सकाळी पुन्हा बसलो. ती मोरीत, नळाखाली बादल्या. मी एकदा लॉगिन केलं, बाहेर पडलो. दुसऱ्यांदा केलं, बाहेर पडलो. घाम पुसताना पडद्याच्या कोपऱ्यात नजर गेली आणि माझी वाटच लागली. आठ वाजून पाच मिनिटं!

"अगं गेली! आठ वाजून गेले! गेली गाडी!"

"कुठे आठ वाजले?" ती आतूनच म्हणाली. "नळ चालू आहे अजून."

आमच्याकडे पाणी आठला जातं. महापालिका या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. नळ धो धो वाहत होता. म्हणजे खरे वाजले होते आठला दहा कमी. घाबरल्यामुळे मी वजाबाकी करायला विसरलो होतो. आणि समोर तेच वाक्य होतं, आदल्या दिवसापासून शंभरदा वाचलेलं. तुमची वेळ संपली आहे.

साईट मला आत बसायला थोडीच मिनिटं देत होती, आणि माझा लॅपटॉप तिला सांगत होता की ती कधीच सरली. आम्ही घरात सगळे वजाबाकी करतो. तिला कुणी सांगितलं होतं?

वेळ आपोआप ठरवण्याचं ते बटण चालू केलं. आकडे टुणकन मागे आले. लॉगिन केलं. एक मिनिट थांबलो, दोन मिनिटं थांबलो. आतच! मला त्या साईटनं चहा दिला असता तरी नवल वाटलं नसतं.

बायको मागे येऊन उभी राहिली. "काय झालं होतं?"

"घड्याळ. मीच पुढे केलं होतं. तुझं तिकीट चुकू नये म्हणून."

मी सवयीनं माझं नाव आधी टाकायला गेलो, तर तिनं बोटानं पडद्याकडे खूण केली. तिचं आधी टाकलं, मग माझं.

आठ वाजले. नळ खोकून बंद झाला. मी बटण दाबलं, पैसे गेले, चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मग तिकीट आलं. तिची सीट पक्की. माझं वेटिंग, आणि ते सुटण्यातलं नव्हतं.

ती वाकून वाचत होती. तिनं तिथूनच आईला फोन लावला. "आई, मूर्ती सांगून ठेव. मी येतेय." पलीकडून काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण बायको खुर्चीची पाठ धरून बराच वेळ नुसतं "हो गं, हो" करत होती.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मी येतो मागनं एस.टी.नं. उभं राहायला लागलं तरी येतो."

"मालवणात झांज कोण वाजवणार?"

"कुणीही वाजवेल. बरी वाजवेल."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग मोरीकडे वळता वळता म्हणाली, "या. पण जावई म्हणून येऊ नका. तिकडे यंदा नारळ खवायला माणूस हवाय."