बाळाचं नाव अरविंद

मैत्रिणींनो, आज भामरागडजवळच्या एका पाड्यावर बारशाला गेले होते. बाळाचे वडील माझ्या दिवंगत यजमानांचे विद्यार्थी. त्यांच्यात वारलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला बाळ दूध ओढेल, तो माणूस परत आला असं मानतात.

बाळाच्या आजीने सात-आठ नावं घेतली, बाळ रडतच राहिलं. मग यांचं नाव घेतलं. "अरविंद मास्तर" म्हणताच दूध प्यायला लागलं!

मी गडबडून म्हणाले, "अरविंद म्हणजे कमळ. माझ्या वर्गात तीन अरविंद होते, आता कोणी ठेवत नाही हे नाव."

आजी हसली. "कमळ नाई बाई, मास्तरच आले. तुमी काऊन रडून राह्यल्या?"

रोज संध्याकाळी मी यांच्या फोटोशी बोलते. आजही समोर बसले आहे. हे तिकडे असतील, तर इथे मी कुणाशी बोलू?