कोणाच्याच वाट्याला न आलेलं काम

विनू गेल्याचा फोन लोहाऱ्याहून, त्याच्या घरून आला तेव्हा मी डाळ पाखडत होते. सुपातली डाळ संपवली, मग उठले. माझ्या घाईनं तो काही परत येणार नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. पन्नाशीही झाली नव्हती... हृदय बंद पडलं म्हणाले.

मी चौथी शिकलेली. विनू विद्यापीठात नेमकं काय करतो, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. एकदा वैतागून विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुमची वाटणी झाली तवा वावर वाटलं, घर वाटलं. विहिरीवरची मोटर कोणाच्या वाट्याले गेली?" कोणाच्याच नाही. ती जळाली तेव्हा माझा नवरा आणि दीर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि हरभरा वाळला. विद्यापीठात नवा कारभार आणताना असंच होतं, म्हणाला. प्रवेश, परीक्षा, निकाल, वसतिगृह, सगळं एकमेकांत अडकलेलं. कोणतं काम कुठून येतं, कोणत्या संगणकात जातं, कोण करतं, याचा तो एक मोठा नकाशा काढत होता. आधी काय बदलायचं, मग काय, हे त्यावरून ठरणार होतं. मला ते रिकामे उद्योग वाटले.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो नेरला माझ्याकडे होता. दुपारी दारात गाडी थांबली. त्याचे साहेब आले होते. परीक्षेची नवी यंत्रणा सुरू करायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, जुनी त्याआधी बंद करायची होती आणि विनूच्या होकाराशिवाय ते होत नव्हतं. नकाशा काढताना त्याला दिसलं होतं, की राहिलेले विषय पुन्हा देणाऱ्या पोरांचे जुने गुण नव्या यंत्रणेत न्यायचं काम कोणालाच दिलेलं नाही. जुनी बंद झाली की पास झालेली पोरंही नापास दिसणार.

साहेबांनी फोन लावून त्याच्या तोंडापुढे धरला. पलीकडे माणूस वाट पाहत होता. फक्त हो म्हणा, गुणांचं नंतर बघू, म्हणाले. मी चहा ठेवला, कोणी कपाला हात लावला नाही.

"साहेब, कार्यक्रम पुढं ढकलता येते," विनू म्हणाला. "पोराचं गेलेलं वर्ष कोण आणून देईन?"

"तुमची बदली होईल."

"करा."

बदली झाली. टपाल पाठवायच्या टेबलावर बसवलं त्याला. कार्यक्रम पुढे ढकलावाच लागला. पोरांचे निकाल जुन्या यंत्रणेवरून नीट लागले, त्यांना काही कळलंही नाही. लोक म्हणतात, विनू त्यानं खचला. मी नाही म्हणत. नीट जेवायचा, भांडायचाही. नकाशा घरी बसून पुढे काढत राहिला.

तेरवी झाल्यावर तेच साहेब लोहाऱ्याला आले. विनूच्या खोलीत भिंतभर नकाशा लावलेला. ते त्यावर बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. जुनी यंत्रणा आता बंद करायची आहे, हा नकाशा मिळाला तर बरं होईल, म्हणाले. विनूची बायको माझ्याकडे पाहू लागली.

"पोराइचे गुण नव्यात गेले काय?" मी विचारलं.

"गेले, मावशी. तपासले."

"कोणं तपासले?"

"मी स्वतः."

मग मी त्यांना खुर्ची सरकवून दिली. वरचे खिळे विनूनं आपल्या उंचीनं ठोकले होते, साहेबांचा हात पुरत नव्हता.