वाऱ्याचा वैरी

कतारमध्ये उन्हाला शिव्या देणारे पैशाला पासरी. एसीला शिव्या घालणारा मात्र मी एकच पाहिला, आणि त्याची गाठ नेमकी पडली माझ्याशी, एसी मेकॅनिकशी!

युगांडाचा गडी. बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत आमच्याच इमारतीत राहायचा आणि अल हिलालमधल्या एका बॅडमिंटन हॉलच्या दारावर गार्ड होता. त्या हॉलचे एसी माझ्याकडे. उंची एवढी, की दुपारचं ऊन आधी त्याला लागायचं, मग कतारला. देशाकडून बॅडमिंटन खेळत त्याने अर्धी आफ्रिका पालथी घातलेली, म्हणून आम्ही त्याला चॅम्पियन म्हणायचो. जिंकलास किती, असं विचारलं की छताकडे बोट दाखवायचा. "भाई, हवा चोर है. मेरा पॉइंट ले गया." कैरोत एसीच्या झोताने हरला, लागोसला पंख्याने. एकदा तर पहिल्या रांगेतली बाई शिंकली आणि गेम गेला. आता, ती शिंक मी पदरची घातली असेन. पण हरला हे खरं.

शुक्रवारी हॉल रिकामा झाला की मला हाक यायची. "यल्ला भाई, बंद करो!" मी एसीचा स्विच पाडायचो. मग त्या भट्टीत एका बाजूला तो आणि समोर मी, साताऱ्याचा गडी, बॉयलर सूट घालून. माझ्या घामात उंट पोहले असते. सर्व्हिसआधी तो तुटक्या शटलमधलं एक पीस हवेत सोडायचा. सरळ खाली आलं की लहान पोरासारखा हसायचा.

यंदा ऑलिंपिक गाठायचं तर तिकडे आफ्रिकेतली एक स्पर्धा जिंकणं भाग होतं. "घुटना बोलता है, ये लास्ट," म्हणायचा. सुपरवायझरच्या हातापाया पडून त्याने रजा मिळवली. विमानतळावर मी म्हटलं, "चॅम्पियन, वहाँ का एसी तोड़ के आना!"

आठवडा उलटायच्या आत मोबाइलवर त्याचा आवाज आला. "भाई, इधर एसी नहीं. पंखा भी नहीं. मैंने पीस छोड़ा, सीधा नीचे आया." मग म्हणाला, "पहला ही मॅच. खलास."

परत आला तो दारावरच्या खुर्चीत बसला, बरोबर झोताखाली. रॅकेट दिसली नाही. शुक्रवारी हॉल रिकामा झाला. हाक येईना, तेव्हा मीच स्विचवर हात ठेवून विचारलं, "बंद करूँ?"

त्याने वर पाहिलंही नाही.

"रहने दो, भाई. अच्छा ठंडा है."

त्या दिवशी एसीला शिवी घातली ती मी.